उत्तरेचं दार

२३ एप्रिल १९५७
पोचले एकदाची. बस मला भलत्याच आडरानात सोडून जाते की काय अशी धास्ती होती, पण थांब्यावर हेस्टर थर्लो उभी होती, छत्री बगलेत मारून लहान मुलीसारखा हात हलवत. लीड्सच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. एवढ्या वर्षांत मला न्यायला थांब्यावर कुणी आल्याचं आठवत नाही. चर्चची देखभाल करायची, बदल्यात शेजारचं दोन खोल्यांचं घर फुकट, अशी तिची जाहिरात होती. पत्रातही किती आपुलकीने चौकशी केली तिने. भावंडं आहेत का, सुटीत कुणी येतं का. कुणी नाही असं लिहिलं, तर उलट टपाली उत्तर आलं, लगेच या.

चर्च सातशे वर्षांचं आहे, आणि तेवढ्या वर्षांची धूळही असावी. पितळ घासायचं, फुलं बदलायची, बाकं पुसायची. उत्तरेच्या भिंतीत एक बुटकं दार आहे, कायम अडसर घातलेलं. ते फक्त बाप्तिस्म्याला उघडतात, म्हणजे बाळातलं वाईट बाहेर निघून जातं. ते उघडायचा मान माझा. मी हसले, हेस्टरही हसली. आधीच्या मिस एलिंग ब्रायटनला बहिणीकडे राहायला गेल्या म्हणे.

५ मे
पहिला बाप्तिस्मा. प्रॅटांचा मुलगा, जन्मापासून खोकणारा. पाद्री टॅलिस यांनी डोक्यावर पाणी घातलं, पोराने टाहो फोडला आणि मी अडसर ओढला. दार उघडलं की वारा आत यावा. हा बाहेर गेला, माझ्या बाहीला घासून. भूगोलाच्या बाईने याचं कारण द्यायला हवं, सुचलं नाही.

नंतर चहा झाला. बाळाच्या आईने माझे दोन्ही हात हातात घेतले. मी फक्त दार उघडलं होतं.

१३ मे
माझा खोकला काही हटत नाही. प्रॅटांचं पोर मात्र भोपळ्यासारखं टुणटुणीत झालंय. हेस्टर रोज जवाचं सूप आणते, मी संपवेपर्यंत समोर बसते. मला विनी म्हणते. आई गेल्यावर ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

२७ मे
काल दुसरा बाप्तिस्मा होता, वाकड्या पायाची मुलगी. आज माझा गुडघा सरळ होत नाही. वय झालं, दुसरं काय! दुपारी हेस्टर काठी घेऊन आली. मी पायाचं तिला अजून सांगितलंही नव्हतं. काठी नेमकी माझ्या उंचीला बेतलेली आहे.

२ जून
आज मी रडले, आणि आनंदाने रडले. हेस्टरच्या लेकीची मुलगी रोझमंड दीड महिन्याची आहे. ओठ निळे, हृदय कमजोर. डॉक्टरांनी हात टेकलेत. तिची धर्ममाता हो, असं हेस्टरने मला विचारलं. मला! मूलबाळ नसलेल्या, परक्या बाईला. बाळाचा सगळा भार माझ्या अंगावर, अशी पाद्र्यांच्या वहीत तिथल्या तिथे सही केली. बाळासाठी पांढरी टोपी विणायला घेतली आहे.

१३ जून
बाप्तिस्म्यासाठी उत्तरेची बाजू नीट करावी म्हणून खाजरं तण उपटायला गेले. खाली थडगी निघाली, बुटक्या दगडांची, पाच. गावातलं एकही आडनाव नाही. ही कार्डिफची, तो हल शहरातला. प्रत्येकावर खाली एकच ओळ: दार राखलं.

पाचवा दगड मिस एलिंगचा. गेल्या नोव्हेंबरचा.

बाप्तिस्म्यांची वही काढली. दगडांवरच्या पाचही तारखा जुळल्या. कुणी बाप्तिस्म्याच्याच दिवशी गेलं, कुणी दुसऱ्या.

पाचव्याशेजारी गवत कापलेलं आहे. चार खुंट्या, त्यांना दोरी बांधलेली. हिरवी दोरी. हेस्टर माझ्यादेखत त्याच दोरीने फुलांच्या जुड्या बांधते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हेस्टरला विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणेल. मी तिच्यावर विश्वासही ठेवला असता. तिने माझ्या पायांवरची शाल नीट केली आणि म्हणाली, "आमची माणसं द्यायला जीव होत नाही गं, विनी. म्हणून तर तुला बोलावलं."

मी म्हटलं, मग ते सूप, ती रोजची विचारपूस, ते काय होतं?

"तेही खरंच होतं," म्हणाली. आणि भांडं धुऊन ठेवून गेली.

केसाने गळा कापला. खोटं बोलली असती तर बरं होतं.

१४ जून
शुक्रवारची बस. काठी टेकत थांब्यावर गेले. ड्रायव्हर हेस्टरचा भाचा. मी हात केला. त्याने टोपी उचलून नमस्कार केला, गाडी थांबवली नाही.

१५ जून
चालत निघाले. पूलही गाठता आला नाही. प्रॅटांनी गाडीत घालून परत आणलं — फार प्रेमाने. उशीसुद्धा दिली.

१६ जून, रविवार
जाणार नाही. घराला आतून कडी लावली आहे. चर्चमधल्या अडसराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या मुठीत. दार उघडणारीच नसेल तर —

घंटा. खिडकीतून उत्तरेची बाजू दिसते.

बाळ रडलं. इथवर ऐकू आलं.

दार उघडलं. कुलपासकट. दारात कुणीच नाही, कुणी हात लावलेला —

गवत वाकतंय. वारा नाही. थडग्यांमधून एकच रेघ — माझ्या फाटकाकडे — सही मीच केली होती —

छातीत — आरशात ओठ —

हेस्टर बाहेर आली. कडेवर रोझमंड, डोक्यावर माझी टोपी. गाल गुलाबी. किती गोड दि —

मला बघितलं तिने. हात हलवतेय. थांब्यावर हलवला होता, अगदी तस्स