आडवे अँगल

३, सोमवार
बाबांची गाडी अखेर माझ्या वर्कशॉपमध्ये आली. बाबा गेल्यापासून बारा वर्षं दादाच्या शेडमध्ये ओल खात पडली होती. आतली चटई उचलली तर खाली पत्राच नाही — थेट जमीन दिसली! आणि हा माणूस म्हणतो, "मी जपली." जपली म्हणे!
गाडी दोघांच्या नावावर. त्याची अट — महिनाअखेर नवा तळ बसला नाही तर दलालाला देऊन टाकायची. बघतेच कशी देतो ते.

५, बुधवार
कापायला सुरुवात. जुन्या तळाला डांबरावर डांबर, ठिगळावर ठिगळ. ग्राइंडरची दोन चाकं झिजली. शिंकले तरी नाकातून गंज येतो.

९, रविवार
दादा आला. इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे. म्हणतो, "आधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे अँगल जोड, मग खालच्या पट्ट्या काप. बाबा असंच करायचे."
बाबा असंच करायचे! बाबांनी सगळं त्याला शिकवलं आणि मला म्हणाले, हे मुलींचं काम नाही. वीस वर्षं मी फाटकं नि ग्रिलं वेल्ड करून पोट भरतेय, आणि हा ऑफिसातला साहेब मला अँगल शिकवतो! "तुझं ज्ञान तुझ्यापाशीच ठेव," म्हटलं. आई मध्ये पडली — "अगं, ऐकून तरी घे." तिला कायम त्याचाच पुळका.
तो गेला आणि मी मुद्दाम कापलं. अँगलबिंगल काही नाही. दाराखालच्या पट्ट्यांसकट सगळं!

१६, रविवार
दादा फिरकला नाही. बरं झालं.

२२, शनिवार
नवा तळ बसला. वेल्ड इतकं सुरेख की मीच दोनदा हात फिरवला. मग दार लावायला गेले. लागेना! वर फट, खाली घासतंय. दुसऱ्या बाजूलाही तेच. खांदा लावला, लाथ घातली. काही नाही.
तासभर पायरीवर बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. फाटकाची चौकट आपली आपण उभी राहते. या गाडीला उभं ठेवतो तो तळच. तो काढल्यावर गाडी मधोमध खचली, आणि खचलेल्या गाडीला मी नवा पत्रा पक्का जोडून टाकला. आधी अँगल जोडले असते तर चौकटी जागच्या हलल्या नसत्या. म्हणजे दादाचं बरोबर होतं. हे लिहितानाही जीव जळतोय. त्याला सांगणार नाही.

३०, रविवार
दलालाला घेऊनच आला, हलकट! "तळ बसलाय," मी म्हटलं, "अट संपली." दलालाने दार ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. "ताई, ही मोडीतच जाणार. मला नको." आणि गेलासुद्धा.
दादा दाराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी तयारच होते — बोल ना, सांगितलं होतं म्हणून! एकदाचं बोलून टाक! तो एवढंच म्हणाला, "शनिवारपर्यंत दारं लागली नाहीत तर मोडीवाल्याला बोलावतो. मला ही अशी बघवत नाही." नाटकी कुठला.

१, सोमवार
माझंच वेल्ड मीच कापलं. रडत कापलं, खोटं कशाला लिहू! जॅक लावून गाडी उचलली. पण किती उचलायची, अँगल नेमके कुठून कुठे जोडायचे, काही कळेना. पुन्हा चुकलं तर शनिवारी मोडीवाला. विचारायला एकच माणूस आहे. मरण परवडलं.

२, मंगळवार
केला फोन. "दादा, अँगल कुठे जोडायचे?"
तो म्हणाला, "मला नाही माहीत. बाबांनी मला कधी कशाला हात लावू दिला नाही. तुझ्याने व्हायचं नाही म्हणायचे. मी नुसती हत्यारं पुसायचो."