कोसमतळ्याची पाळ

मी राणी मानकुंवर, कै. राजे सुरतशाह मर्सकोले यांची विधवा, राहणार कोसमगड, सांगून लिहवते ते असे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोटभर भात जेवले आहे, मोहाची दारू घेतलेली नाही, आणि माझ्यावर जबरदस्ती कोणाची नाही. गडाखालच्या धानाच्या शेतांत दिल्लीची फौज तंबू ठोकून बसली आहे, तेवढी सोडून. उद्या पहाटे मी तिच्यावर उतरणार. परत येईनच असे नाही, म्हणून मागची व्यवस्था आज करते.

गड, गादी आणि शिक्का माझी मुलगी सुकवारो हिला. ती लवकर चिडते, त्यात माझ्यावर गेली आहे. माझी तलवार तिच्या मनगटाला जड पडते, तेव्हा माझा मान राखायचा म्हणून ती बाळगू नये. आपल्या हाताची नवी घडवावी.

हत्तीण चंपा हिला यापुढे लढाईस नेऊ नये. मागच्या लढाईत सोंडेत भाला शिरला तरी तिने मला पडू दिले नाही. उद्या मी पायीच जाणार, चिखलात हत्तीचा उपयोग नसतो.

दीर केसरशाह यांना चांदीचा हुक्का, जो त्यांनी आधीच नेलेला आहे. फौज दिसताच ते म्हणाले, "वहिनी, एक हत्ती द्या, एक सलाम ठोका, विषय संपला." मी म्हटले, "भाऊजी, सलाम तुम्हीच ठोका, तुम्हाला सवय आहे." तेव्हापासून बोलत नाहीत. गडाच्या किल्ल्या त्यांच्या हाती कधीही देऊ नयेत.

आता मुख्य गोष्ट. कोसमतळे मी कोणाला देत नाही, कारण ते माझे नाही. आमच्या राज्यात तळे खोदणाऱ्याचे. हे डोमा कोहळ्याच्या पणज्याने खोदले; तळी बांधणे हेच कोहळ्यांचे काम. फौजेने नेमका त्याच्या पाळीखाली, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधाखाली, मुक्काम केला आहे. पाळीवर झाडे वाढलेली, त्यामुळे त्या परक्या माणसांना ती टेकडी वाटली. आमच्याकडचे कोणी भरल्या तळ्याखाली अंथरूण टाकणार नाही. ती पाळ आम्ही फोडली की तोफा चिखलात रुततील आणि आम्ही वरून उतरू. उभे धानही जाईल. म्हणून गडावरचे कोठार तळ्याखाली शेती असलेल्या घरांना द्यावे, आणि राजवाड्याने त्यांच्यानंतर जेवावे.

आज डोमाला बोलावले. पाळ फोडायची आहे असे सांगितले.

"राणीबाई, राज्य तुमचं, पाणी आमचं. आमच्या पोरी हळदीच्या आधी पाळीले माती लावतात. अन् ते फोडा म्हणता?"

"तोफा गावाकडे वळल्या आहेत, डोमा."

"दिसते ना जी, आंधळा नाही मी." मग म्हणाला, "फोडू. पण पहिली कुदळ कोण मारन? ज्यानं मारली, तो मेल्यावर त्याच्या नावाचा दगड पितरांत बसत नाही. माह्या पोराइले हे मी नाही सांगू शकत."

"पहिली मी मारते."

त्याने माझ्या हातांकडे पाहिले. "कुदळ धरता येते का तुमाले?"

"शिकव."

अंगणातच शिकवले. दोनदा ओरडलासुद्धा, "तलवारीवानी नका धरू जी, कंबरेतून वाका." इतकी वर्षे राज्य केले, पण माझ्यावर असे कोणी ओरडले नव्हते.

तरी लिहून ठेवते की पाळ मी फोडली. माझ्यामागून कुदळ मारणाऱ्या कोणाकडे दोष नाही, डोमाच्या घरचे पाणी बंद करून त्यांना कोणी वाळीत टाकू नये. माझा दगड राजांच्या शेजारी बसवू नये. ती जागा मी स्वतः निवडली होती, मोहाच्या सावलीत. तिथे त्यांच्याजवळ बसता येणार नाही याचे फार वाईट वाटते. तरी सुकवारोने पुजाऱ्याशी भांडून नियम वाकवू नये. राणीसाठी वाकला तर उद्या कोणीही उठून पाळ फोडेल.

पाळ पुन्हा बांधावी ती डोमाच्या घराण्यानेच. तळे त्यांचे आहे आणि त्यांचेच राहील.

हे मला वाचून दाखवले, मी ऐकले, बरोबर आहे.

मुक्काम कोसमगड, कार्तिक वद्य त्रयोदशी.

राणी मानकुंवर, निशाणी कट्यार.

साक्ष आणि हस्ताक्षर: भानजी कारकून.

साक्ष: डोमा कोहळी, निशाणी कुदळ. त्याने आपले म्हणणे खाली लिहायला लावले, राणीसाहेब नको म्हणत असतानाही, ते असे:

"दगडाचं एक सोडून सगळं कबूल. नवी पाळ बांधताना तळाशी पहिला दगड बसवतात, अन् तो कोणाच्या नावानं ते बांधणारा ठरवते. त्या दगडाले मी राणीबाईचं नाव देणार. पितरांत जागा नाही तं पाण्यापाशी बसतीन. त्या नाही म्हणून राहिल्या, पण तळ्यावर त्याइचं चालत नाही."