पूल कुणाचा होता

४ जुलै

चि. भिंगरी,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र लगेच बाजूला टाकू नकोस. आधी वाच, मग टाक. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे कुणी आजारी नाही आणि कुणी गेलेलंही नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे तिने तुला फोनवर सांगितलंच असेल. आता तिला जिन्यावरची धूळ स्पष्ट दिसते, आणि त्या धुळीला मीच जबाबदार आहे असं तिचं ठाम मत आहे.

सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून नाटकांचे सेट बांधायला निघून गेलीस, तेव्हा मी बोललो ते बोललो. त्याबद्दल नंतर कधीतरी. आधी बातमी.

मला काम लागलं आहे. बालवाडीत. हस, हरकत नाही. तुझी आई दोन दिवस हसत होती.

त्याचं असं झालं. चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा राहिलेला टर्नर निवृत्त होऊन घरी बसला की घराचं काय होतं ते आईला विचार. मी डबे उंचीप्रमाणे लावले, बिजागऱ्यांना तीनतीनदा तेल दिलं, भिंतीवरचं घड्याळ पातळी लावून सरळ केलं. शेवटी ती म्हणाली, "अहो, कुठेतरी जा. नाहीतर मी जाते." कोपऱ्यावरच्या बालवाडीतल्या बाई लाकडी ठोकळे घासून द्यायला कुणी मिळेल का विचारत होत्या. मी गेलो, आणि ठोकळे बघून माझं डोकंच फिरलं. दोन अर्धे जोडले की एक पूर्ण व्हायला हवा ना? एकही होत नव्हता. कुठे दोन मिलिमीटर जास्त, कुठे तीन कमी. मी म्हणालो, "बाई, यावर खेळून पोरं चुकीचं गणित शिकतील." त्या म्हणाल्या, "काका, हे लक्षात आलेले तुम्ही पहिलेच." मग दोनशे ठोकळे मी नव्याने कापले, व्हर्नियर लावून मोजले, पॉलिश पेपर मारून गालावर फिरवून बघितले. ते देऊन निघालो तर बाई म्हणाल्या, "मदतनीस म्हणून राहता का? सहा महिने बघू एकमेकांना."

बाई तुझ्यापेक्षा लहानच असतील. पण बोलतात अशा की आमच्या फोरमनने शिकावं.

जमिनीवर बसताना-उठताना माझे गुडघे कट् कट् वाजतात, म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ठेवलं, कटकटआजोबा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला तीस वर्षं लागली ते ओळखायला. पोरं हुशार आहेत."

इथे एक चार वर्षांची मुलगी आहे. एवढीशी, आणि सतत काहीतरी वाहून नेत असते, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. गेल्या आठवड्यात ती पूल बांधत होती. दोन खांब लांब ठेवले होते आणि वरची फळी दोन बोटं कमी पडत होती. ती फळी ठेवायची, फळी पडायची. पुन्हा ठेवायची. नऊ वेळा पडली, मी मोजलं. दहाव्या वेळी राहवलं नाही. मी एक खांब आत सरकवला, फळी बसवली, म्हणालो, "हे बघ, असं करायचं."

तिने पुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून खिडकीपाशी जाऊन बसली.

पोरं गेल्यावर बाईंनी विचारलं, "काका, पूल कुणाचा होता?"

"तिचा."

"आणि आता?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. उद्यापासून येत नाही, असं तोंडावर आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी गेलोच. त्या पुलाला आज पाच दिवस झाले. ती पोर ठोकळ्यांकडे फिरकलेली नाही.

एवढंच कळवायचं होतं. तुला का कळवावंसं वाटलं, ते मला नीट सांगता येत नाही.

तुझे वडील

१९ जुलै

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं. तू ठीक आहेस आणि तुझ्या छोटीला दात येताहेत, हे आईच्या फोनवरून कळतं. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात जाते आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचतो. पेपर उलटा असला तरी चालतो.

बाईंनी मला एक काम नेमून दिलं आहे. रोज एक तास खिशात हात घालून बसायचं आणि फक्त बघायचं. काय दिसलं ते वहीत लिहायचं. ‘चूक’ आणि ‘बरोबर’ हे दोन शब्द लिहायला बंदी. बाईंना वाटलं मी दोन दिवसांत पळून जाईन. अगं, कारखान्यात नवीन मशीन आलं तेव्हा ते महिनाभर जेवणाच्या सुट्टीत शिकलेला माणूस मी. हे काय मला हरवणार? पण सांगतो, याहून अवघड काम मी केलेलं नाही. खिशात हात नुसते वळवळत असतात.

वहीतलं थोडं लिहितो. पाण्याच्या टबाशी एकाने छोट्या बाटलीने मोठी बाटली भरली. चार वेळा ओतावं लागलं. पाचव्यांदा ओतलं तर सांडलं. त्याने शेजारच्याला सांगितलं, "हिचं पोट चारचंच आहे." मापं घेण्यात माझं आयुष्य गेलं, पण मापाची इतकी चांगली व्याख्या ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकान-दुकान चाललं होतं. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "आज दुकान बंद, माझं बाळ झोपलंय," तर गिऱ्हाईकं कुजबुजत बोलायला लागली. कुणी शिकवलं त्यांना हे?

आणि मुंगी. बारा दिवस ती ठोकळ्यांच्या बाजूला गेली नाही. चिखल कालवला, पानं गोळा केली, पण ठोकळे नाहीत. मी रोज तिथेच बसायचो, खिशात हात घालून. तेराव्या दिवशी ती आली, माझ्या खिशांकडे निरखून बघितलं, आणि पुन्हा तोच पूल मांडला. तेवढ्याच लांब खांबांचा. फळी पडली. पुन्हा पडली. माझ्या कपाळावर घाम आला, खरं सांगतो. मग तिने फळी खाली ठेवली, दुसरी फळी आणली, आणि दोन खांबांच्या मधोमध तिसरा खांब उभा केला. दोन्ही फळ्या त्यावर टेकल्या. पूल उभा!

"मधे कशाला गं खांब?" मी विचारलं. नुसतं विचारलं.

"खाली दोन रस्ते आहेत ना," ती म्हणाली. "एक जायचा, एक यायचा. तुम्ही एकच ठेवला होता. बस आपटली असती."

म्हणजे खांब लांब ठेवण्यात तिचं काही चुकलंच नव्हतं. तिला तेवढीच जागा हवी होती. मी न विचारता तिचा अर्धा रस्ता बुजवला होता.

मी घरी आलो तो न जेवताच पडून राहिलो. आईने विचारलं काय झालं. मी म्हणालो, काही नाही, गुडघे.

गुडघे नव्हते.

तुझे बाबा

२३ ऑगस्ट

चि. भिंगरी,

आशीर्वाद. आज हवापाणी, तब्येत काही लिहीत नाही. लिहायला बसलो आहे ते लिहून होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं आहे.

काल मुंगीचे वडील आले होते. औषधांचं दुकान आहे त्यांचं. इस्त्रीचा शर्ट, आवाज चढलेला. बाईंना म्हणाले, "शेजारचा तिच्याएवढा मुलगा नाव लिहितो. ही घरी येते ती कोपरापर्यंत चिखल घेऊन. विचारलं आज काय शिकलीस, तर म्हणते बस आपटली नाही. हे काय उत्तर झालं? मी उद्यापासून तिला काढतो."

बाई शांतपणे समजावत होत्या, ते ऐकत नव्हते. मी मधे बोलायला नको होतं. बोललो. म्हणालो, "साहेब, काढा. पण एक तास बसून बघा आणि मग काढा." आणि त्यांना माझ्या शेजारी जमिनीवर बसवलं. "हात खिशात," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वेडा आहे, पण घातले.

मुंगी पुलावरून गाड्या नेत होती. आता पुलाला उतार हवा होता. तिने फळी तिरकी लावली, गाडी वेगाने घसरली आणि भिंतीवर आपटली. तिने उतार लांब केला. गाडी तरी आपटली. ती विचारात पडली, आणि वडिलांचा हात खिशातून निघाला. फळीकडे जाणारा तो हात मी मनगटापाशी धरला. घट्ट. माझी पकड अजून लेथवाल्याची आहे.

"सोडा," ते म्हणाले. "मी फक्त तिला दाखवतोय."

"मीही फक्त दाखवत होतो," मी म्हणालो. आणि मग मी त्यांना सांगायला लागलो. मुंगीच्या पुलाचं नाही. तुझं.

एका परक्या माणसाला मी ते सांगितलं. वीस वर्षांत तुझ्या आईशीही त्यावर बोललो नव्हतो. जे त्याला सांगितलं ते तुला न सांगणं बरं नाही, म्हणून हे पत्र.

तू सात वर्षांची होतीस. जेवणाच्या टेबलाखाली तू एक गाव वसवलं होतंस. काडेपेट्यांची घरं, दोऱ्याच्या रिळांच्या टाक्या, बटणांची माणसं, आणि मी कारखान्यातून आणलेल्या पितळी किसाची बाग. तीन आठवडे ते गाव वाढत होतं. आम्ही पाय आखडून जेवायचो. मग गणिताच्या चाचणीत तुला पंचवीसपैकी अकरा मिळाले. मी झाडू घेतला आणि ते गाव लोटून पोत्यात भरलं.

इतकं कदाचित तुझ्या आईलाही आठवत असेल. पण ती तेव्हा बाजारात गेली होती. तिला माहीत नाही की पोत्याचं तोंड मी तुला धरायला लावलं. दोन्ही हातांनी. "नीट उघडं धर," असं म्हणालो. तू धरलंस. एक बटण बाहेर पडलं तेही तू उचलून आत टाकलंस. तू रडली नाहीस, आणि मी त्याला शिस्त समजलो. चार लोकांत सांगितलं सुद्धा, पोर कशी समजूतदार आहे म्हणून.

त्यानंतर तू मला काही दाखवलं नाहीस. चित्र नाही, वही नाही, काही नाही. पुढच्या चाचणीत तेवीस मिळाले, ते मला पुरेसं वाटलं. तू घर सोडलंस तेव्हा मी जगाला सांगत फिरलो की मुलगी अचानक गेली. अचानक नव्हे. तू सातव्या वर्षीच निघाली होतीस. मला कळायला एवढी वर्षं लागली.

माझं सांगून झालं तेव्हा मुंगीच्या वडिलांनी पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तोवर तिने उताराच्या शेवटी एक फडकं अंथरलं होतं आणि गाडी त्यावर येऊन आपोआप थांबत होती. त्यांनी तिला विचारलं, "गाडी का थांबली गं?" ती म्हणाली, "फडक्याला गाडी आवडते. धरून ठेवते." ते उठले, पँट झटकली, बाईंना म्हणाले, "सहामाहीपर्यंत बघतो. पुढचं तेव्हा." त्यांचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. पण हात मात्र पुन्हा खिशात गेला होता.

मी माफी मागतो. त्याबदल्यात तू काही द्यावंस असं नाही. तू उत्तर दे अथवा नको देऊ, मी बालवाडी सोडणार नाही आणि पत्रं लिहिणंही सोडणार नाही. काही गोष्टी मी उशिरा शिकायला घेतो, पण घेतल्या की अर्ध्यावर टाकत नाही, हे तरी तुला माझ्याबद्दल माहीत आहे.

तुझा बाबा

१० सप्टेंबर

चि. भिंगरी,

तुझं पत्र काल दुपारी आलं. आईने आधी वाचायला मागितलं, मी दिलं नाही. मग दोघांनी मिळून वाचलं.

तू लिहितेस की गाव तीन नाही, पाच आठवडे होतं. बरोबर असणार, तू बांधत होतीस. मी फक्त शेवटचे तीन आठवडे पाहिलं. त्यात एक दवाखाना होता आणि तिथली डॉक्टर तू स्वतः होतीस, हे मला माहीत नव्हतं. वाचून आई पदराआड गेली. मी पुन्हा वाचलं.

पोत्याचं मी काय केलं, असं तू विचारलं आहेस. माळ्यावर जपून ठेवलंय असं लिहिण्याचा मोह झाला, कबूल करतो. नाही ठेवलं. दुसऱ्या दिवशी सायकलला बांधून कारखान्यात नेलं आणि भंगाराच्या ढिगावर टाकलं. मागे वळूनही बघितलं नाही. ते परत आणणं माझ्या हातात नाही. तुला खरं काय ते सांगणं आहे, ते सांगितलं.

शेवटी तू लिहिलं आहेस, "आईबरोबर तुम्हीही आलात तर चालेल." आईचं म्हणणं, ‘चालेल’ म्हणजे ‘या’. मी तिला म्हटलं, जे लिहिलंय तेवढंच वाच. ‘चालेल’ मला पुरेसं आहे.

बाईंकडून चार दिवसांची सुट्टी घेतली. मुंगीने विचारलं, कुठे चाललात? म्हटलं, माझ्या मुलीकडे. ती म्हणाली, "तिला पण गुडघे वाजवून दाखवा."

शुक्रवारी दुपारच्या गाडीने पोचतो. छोटी ओळख नाही म्हणून लांब राहिली तर राहू दे, तिला माझ्याकडे ढकलू नकोस. आणि तुझ्या सेटचं काम चालू असेल तर मला एकदा दाखव. मी काही सुचवणार नाही. कुठे काय लावलंस आणि का लावलंस, ते तू सांग, मी ऐकत बसेन. संध्याकाळपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशीही चालेल.

भेटीपर्यंत,
अजून शिकाऊच असलेला
तुझा बाबा