ऋतिकाच्या पोटऱ्या

३ जून, जळगाव
भावाचा, हितेंद्रचा, यावलहून फोन. त्याची ऋतिका पोलीस भरतीचा सराव करताना पोटऱ्या दुखून मैदानावर पडली. रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे यकृताचा आकडा, भलताच वाढलेला. लगेच घरगुती निदान — कावीळ! डोळे पांढरेशुभ्र, पोरगी चार भाकरी खाते, आणि म्हणे कावीळ. केळीला खत द्यायचं तर हा माणूस आधी मातीचा रिपोर्ट मागतो. मुलीला मात्र एरंडोलजवळच्या रुपचंद नाना वैदूंचा काढा.

५ जून
हितेंद्रबरोबर गेले एरंडोलला. नानांसमोर खूप बोलले. पुरावा म्हणजे काय, काढ्यांनी कुणाकुणाची यकृतं गेली — सगळं. माझ्या व्याख्यानाची सभा असती तर टाळ्या पडल्या असत्या. म्हातारा सुपारी कातरत ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "अक्का, पोर थकेल शे. तिले आराम दे." थकलीय म्हणे! वर पथ्य दिलं: तेल बंद, ऊन बंद, पळणं बंद. येताना हितेंद्रने काढ्याची बाटली धरायला दिली ती मलाच!

२२ जून
आकडा उतरला. पोटऱ्यांचं दुखणंही कमी. वहिनीने काढ्याच्या यशाचा पेढा पुढे केला. खाल्ला नाही.

२३ जून
खाल्ला.

३० जून
ऋतिका पुन्हा मैदानावर, आकडा पुन्हा वर. काढा तर चालूच आहे! मग उतरला कशाने? पळणाऱ्यांनाच होणारी ही कुठली कावीळ? भरतीच्या अकादमीतले सर तिच्या जाड पोटऱ्या पाहून खूश — पहिलवानाच्या आहेत म्हणतात. पण जमिनीवरून उठताना ती गुडघ्यांवर हात रोवून उठते, हे कुणाला दिसत नाही. उद्या धुळ्याला नेते.

१ जुलै, धुळे
डॉक्टरीणबाईंनी तिला खाली बसवलं, उठवलं. म्हणाल्या, यकृत ठणठणीत आहे. हा आकडा स्नायूंतून येतोय. जनुकांच्या तपासणीला रक्त पाठवलं.

२ ऑगस्ट, धुळे
निकाल आला. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

स्नायूच्या प्रत्येक तंतूला पातळ आवरण असतं. आतले धागे आकसून ओढ घेतात, तेव्हा तो हिसका आवरणाला एकट्याला सोसत नाही. काही प्रथिनं त्याला आतून-बाहेरून बांधून धरतात, हिसका वाटून घेतात. स्नायू ओढ घेत असतानाच ताणला जातो तेव्हा — उतार उतरताना, बैठकीत खाली जाताना — हिसका सगळ्यात मोठा. ऋतिकाच्या शरीरात त्यातलं एक प्रथिन तयारच होत नाही. आवरण फाटतं, आतलं रक्तात उतरतं; तोच तो वाढलेला आकडा. मेलेल्या तंतूंच्या जागी चरबी साचते. पहिलवानाच्या पोटऱ्या त्या ह्याच!

औषध नाही. हलकी हालचाल चालेल. धावणं, बैठका बंद. "हिचे स्नायू व्यायामाने घडत नाहीत, फाटतात," बाई म्हणाल्या.

४ ऑगस्ट, यावल
हितेंद्रला त्याच्या भाषेत सांगितलं — घड लागलेल्या केळीला टेकू नसला की वाऱ्याने ती मोडते, तसं. त्याचा चेहरा उजळला. "मग टेकूचं औषध आणू. कितीला मिळतं?" औषधच नाही, हे पुन्हा सांगितलं. वहिनी म्हणे नजर लागली. तिचा भाऊ म्हणे कुणाला कळायच्या आत लग्न उरकून टाका. त्याला मी घराबाहेर काढलं.

आणि ऋतिका? ऐकून घेतलं, मग म्हणाली, "शरीर कष्टाने घडतं, नशिबाने नाही — हे तूच सांगतेस ना, आत्या? आमच्या कॉलेजात दोनदा ऐकलंय." मैदानी चाचणी पंधरा दिवसांवर. ती जाणार म्हणते. हजार माणसं वळवते मी, आणि एक पोरगी वळत नाही!

१८ ऑगस्ट, जळगाव
उद्या चाचणी. पहाटेच्या बसने यावलला जाऊन तिला अडवणार. मुद्दे काढून ठेवलेत. दोनदा म्हणून पाहिले. दोन्ही वेळा भाषणच झालं.

१९ ऑगस्ट
बस गाठायला दार उघडलं तर ऋतिकाच उभी. मैदानावर गेलीच नाही. मी बोलायला लागले, तिने हात वर केला. म्हणाली, कारकुनाच्या परीक्षेला अर्ज भरलाय; केंद्र दुसऱ्या मजल्यावर आलंय, लिफ्ट नाही. तळमजल्यावर बसून पेपर लिहू द्या म्हणून तिने विनंती केली, तर तिथला बाबू नियम दाखवतो.

"मला समजावू नकोस, आत्या. त्यांना समजाव. चल."