आपल्या घराचं पाणी नेमकं कुणाचं?

ती. दादास,

हातातली बादली खाली ठेवून साष्टांग नमस्कार.

तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला थांबला का? इकडे आई ठणठणीत. मी मात्र अर्धी झाले आहे (वजनाने नव्हे, ते जिथल्या तिथे आहे). बाबांच्या या बंद घरात आईला आणून तीन आठवडे झाले. उरलेलं आयुष्य इथेच काढणार, असं तिने निक्षून सांगितलंय आणि मी तिला शब्द दिलाय. पण नळ सोडला की फुसफुस करून नुसती हवा येते. महिनाअखेरपर्यंत पाणी आलं नाही, तर तिला परत तुझ्या तिसऱ्या मजल्यावर जावं लागेल. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. गेल्या वर्षभरात ती तो जिना दोनदा उतरली.

पण पाणी मागायचं कुणाकडे, इथूनच घोळ! एवढ्याशा या शहराला पाणी देणारे दोघं: एक जुनी पाणी कचेरी, दुसरी नवी कंपनी. डावीकडच्या शिंपीणकाकू कचेरीच्या, उजवीकडचे हेडमास्तर कंपनीचे आणि मध्ये आपण, कोरडे. कंपनीतला पोरगेलासा साहेब म्हणाला, नकाशात तुमचं घरच नाही. (मग मी रोज झाडते ते काय?) कचेरीतल्या बाई म्हणाल्या, ग्राहक क्रमांक सांगा, म्हणजे तुम्ही ग्राहक आहात का ते बघते. कपाळावर हात मारून घेतला, पण हटले नाही. चार दिवस चार खेपा घातल्या.

पाचव्या दिवशी कचेरीचा मीटर वाचणारा गल्लीत दिसला आणि मी गुपचूप त्याच्या मागे लागले. कुठल्या घरी थांबतो तेवढंच बघायचं होतं. त्याला वाटलं, वरून कुणी तपासणीला आलंय. एरवी सायकलवरूनच आकडे टिपणारा माणूस, पण त्या दिवशी प्रत्येक मीटरपाशी उकिडवा बसला, रुमालाने काच पुसली आणि मला ऐकू जाईल असे आकडे मोठ्याने वाचले. तिसऱ्या गल्लीत मला त्याची दया आली आणि मी खरं काय ते सांगितलं. बिचाऱ्याला एवढं हायसं वाटलं, की त्याने स्वतः मला कचेरीत नेऊन माळ्यावरची जुनी वही काढायला लावली. आपलं घर त्यात निघालं! आपण कचेरीचेच. काम झालंच म्हणून समज.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. नळ आपोआप आटलेला नाही. तो अर्ज देऊन बंद केलाय, बाबा गेले त्याच महिन्यात. अर्ज त्याच वहीत चिकटवलाय आणि त्यावर सही तुझी आहे. कारणाच्या रकान्यात तुझ्याच वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘या घरात यापुढे कुणी राहणार नाही.’ वाचून मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले. फार राग आला तुझा, दादा. ज्याने बंद केलं त्यानेच सुरू करायची सही द्यायची, असा इथला नियम आहे. मंगळवारी सकाळी दहाला कचेरीत ये.

ता. ता. क. आईला मी पाइप गंजलाय म्हणून सांगितलंय. पण तिचा माझ्यावर विश्वास नाही. ती वही स्वतः बघायला बुधवारी कचेरीत येणार आहे, रिक्षा सांगून ठेवलीय तिने. त्याआधी नळाला पाणी आलं, तरच ती थांबेल. तेव्हा मंगळवार म्हणजे मंगळवार.