हवा स्वच्छ होती

पारनेर,
शनिवार, १९ ऑक्टोबर १९९६

प्रिय जयू,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं; वाचायला चष्मा आणि तुझी वहिनी दोन्ही लागले. तू लिहितेस, सम्राटला चार शब्द सांग, तुझं तो ऐकतो. साखर कारखान्याचा बॉयलर सोमवारी पेटवायचा, अग्निप्रदीपनाच्या पत्रिका वाटून झाल्या, मांडव उभा राहिला, आणि तुझा लेक म्हणतो की सेफ्टी व्हॉल्व्ह तीनदा तपासला, दोनदा अडकला, मी वहीत ‘योग्य’ म्हणून सही करणार नाही. साहेबांनी बजावलंय, सही कर नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. घरात तू, सून, आणि तिला सातवा महिना. तुझा जीव टांगणीला लागलाय हे मला कळतंय. सम्राट परवा इथं येऊन गेला, तुला बोलला असेल-नसेल. त्याचं पुढं सांगतो. आधी जरा मागचं ऐक, आणि निम्म्यात पत्र ठेवून दूध बघायला पळू नकोस.

मी उत्तर ध्रुवाकडच्या त्या कॅम्पवर होतो, तेव्हा तू डब्यातून शेंगदाण्याची चटणी पाठवायचीस. पोचायला दोन महिने लागायचे आणि पोचायची तेव्हा तिचा दगड झालेला असायचा. शेगडीजवळ ठेवून मी ती मोकळी करायचो. जमिनीत तेल आहे का बघायला आलेली ती धिप्पाड माणसं, ती चटणी मांसावर घालून खायची आणि डोळे पुसत आणखी मागायची. चाळीस माणसं, बर्फावर पत्र्याच्या खोल्या, आणि बाहेरच्या जगाशी बांधणारं एकच हेलिकॉप्टर. पाइप तेच आणणार, पीठ-बटाटे तेच, आजारी माणूस तेच नेणार. विमानतळ म्हणायचा तर सव्वाशे किलोमीटरवर एक पट्टी, तिथं आठवड्याला एक विमान यायचं.

त्या हेलिकॉप्टरचा मेकॅनिक मी. एअरफोर्समध्ये शिकलेलं तिथं कामाला आलं. रोज सकाळी इंजिनावर ताडपत्रीचं पांघरूण घालून आत गरम हवा सोडायची, तासाभरानं ते माणसात यायचं. मग तेल, पंखे, नटबोल्ट बघत फिरायचं. हातमोजा काढून लोखंडाला बोट लागलं तर कातडं तिथंच राहायचं. गेल्तो एकदा शहाणपणा करायला, उजव्या अंगठ्याचा डाग तू बघितलायस. सगळं बघून झालं की वहीत माझी सही. ती सही नसेल तर पायलट कितीही मोठा असो, पंखा फिरवायचा नाही, असा तिथला नियम. तुला मी पत्रांतून हे कधी लिहिलं नाही. लिहायचो ते हवेचं. हवा खराब, म्हणून टपाल आलं नाही. हवा खराब, म्हणून सुट्टी हुकली. तिथं सगळ्या गोष्टींचा दोष हवेवर टाकायची सवय असते, कारण हवेशी कुणी भांडत नाही.

पंच्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये तुझी तार आली. आप्पा सीरियस, निघ. रेडिओवरून वाचून दाखवली मला. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर पट्टीवर जायचंच होतं, सात माणसं सुट्टीवर निघालेली, आठवा मी. मुकादमानं माझी बॅग स्वतः भरली. एप्रिलमध्ये तिथं ऊन पडतं. जयू, त्या दिवशी आभाळ इतकं स्वच्छ होतं की डोळे दुखत होते.

मी नेहमीसारखं मशीन तपासायला घेतलं. पंखा फिरवणाऱ्या गिअरबॉक्सच्या तेलात एक छोटं चुंबक असतं. आत कुठं लोखंड झिजायला लागलं की कण त्याला चिकटतात. बारीक धूळ असली तर पुसून टाकायची, तिची भीती नाही. त्या दिवशी टवका निघाला. नखाएवढा. तसा टवका निघाला की मशीन उडवायचं नाही, गिअरबॉक्स बदलायचा, आणि तो यायला सहा दिवस.

पायलट मला बाजूला घेऊन गेला. वयानं मोठा, आपल्या आप्पांसारखाच कमी बोलणारा. म्हणाला, “बाकीच्यांना ठेवू. आपण दोघंच जाऊ. तुझ्या बापासाठी मी नेतो, तू फक्त सही कर.” त्याला स्वतःला तीन मुलं होती. मी पेन हातात घेऊन उभा राहिलो. मग ‘उडण्यास अयोग्य’ लिहिलं आणि खाली सही केली.

सहा दिवसांनी दुसरं हेलिकॉप्टर गिअरबॉक्स घेऊन आलं, त्यातून मी निघालो. बेलापुरात घरी पोचलो तेव्हा आप्पा जाऊन त्यांचा जलदान विधीही होऊन गेला होता. अंगणात घोंगडीवर तू बसली होतीस. तूच सांगितलंस की शेवटचे चार दिवस ते दाराकडं बघत होते आणि रेल्वेतल्या माणसासारखंच म्हणत होते, “यील त्यो. गाडी लेट आसंल.” आणि मग तूच विचारलंस, “दादा, हवा खराब हुती का?” मी मान हलवली. तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, हवेपुढं कुणाचं काय चालतंय. भावकीत कुणी मला नावं ठेवली तर त्यांच्याशीही तू भांडलीस. एकवीस वर्षं भांडलीस. आणि मी तुला भांडू दिलं.

आणखी एक आहे, तेही आज सांगून टाकतो. तो गिअरबॉक्स पुढं उघडला तेव्हा एका दाताचा टवका उडालेला, बाकी सगळा ठणठणीत. आणखी पन्नास तास सहज चालला असता, म्हणाले. म्हणजे मी आलो असतो. आप्पांनी मला बघितलं असतं. हे कळल्यापासून मी किती वेळा ती वही मनात उघडली असेल, सांगता येत नाही. आज पुन्हा तसंच झालं तर काय करीन? तेच करीन, आणि पुन्हा तसाच रडेन. आप्पा रेल्वेत की-मॅन होते. रोज सकाळी हातोडा घेऊन रूळ घट्ट धरणारी एकेक लोखंडी चावी ठोकत मैलोन्‌मैल चालायचे. एक ढिली चावी सोडून ते घरी जेवायला आलेले मी तरी बघितले नाहीत. त्यांना मी खरं सांगू शकलो असतो. तुला नाही सांगू शकलो, कारण तू तिथं एकटी होतीस.

आता परवाचं. सम्राट चहा घेता घेता म्हणाला, “मामा, तुमी कधी अशी सही अडवली का?” जयू, मी ‘नाही’ म्हणालो. हो म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं कधी, आणि ते फिरून तुझ्यापर्यंत आलं असतं. मी म्हणालो, आमच्याकडं सगळं हवाच ठरवायची. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, मग आईचंच बरोबर आसंल, सोमवारी करतो सही. त्याला फाटकापर्यंत सोडायलाही मी उठलो नाही. तेव्हापासून घास उतरत नाही. पोस्टानं मंगळवार उजाडेल, म्हणून हे पत्र शेजारच्या गोरक्षनाथच्या टेम्पोबरोबर पाठवतोय. तो कांदे घेऊन आज तिकडंच निघालाय. मी उद्या दुपारच्या एसटीनं येतो, मग मला काय बोलायचं ते बोल, खाली मान घालून ऐकेन. नोकरी गेली तर तुम्हा सगळ्यांचं मी बघतो, पेन्शन आहे. पण त्याआधी सम्राटला समोर बसव आणि हे वाचून दाखव. त्याला सांग, मामा खोटं बोलला. हवा स्वच्छ होती. मीच अडवलं होतं.

तुझाच, उशिरा पोचलेला
दादा