तोरकेलने सुचवलेलं नाव

कॉशकोनाँग, विस्कॉन्सिन
५ ऑगस्ट १८५४

लाडक्या सिग्ने,

ताईचा आशीर्वाद. मी आणि तुझे भावजी ओलाव सुखरूप आहोत. तू जड काही उचलत नाहीस ना? उचलत असशील, मला माहीत आहे.

बोटीवर आधी सगळे ओकत होते. मग भूक परतली तशी डेकवरच्या चुलीसाठी बायकांची जुंपायला लागली. माझा हात भाजला, तेव्हा तुझा नवरा लापशीचं भांडं घेऊन रांगेत उभा राहिला. बर्गनची एक बाई खवचटपणे म्हणाली, "बायको नाही वाटतं?" तोरकेल म्हणाला, "आहे की. गावी आहे, म्हणून तर एवढं धाडस." त्यानंतर बायका त्याला आपणहून पुढे सोडायच्या. माणसं पटकन जोडायचा तो.

क्वेबेकहून सरोवरांतून आगबोटीने आलो. आमच्यापेक्षा डुकरांना ऐसपैस जागा होती. मिलवॉकीला आपल्या पाद्रीबाबांकडे तुझं पत्र आलेलं होतं. तू पोटुशी असल्याचं मी धक्क्यावरच वाचून दाखवलं. तोरकेल म्हणाला, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. नाव काय ठेवायचं म्हणून तू विचारलं होतंस. "मुलगा झाला तर सोंद्रे. माझ्या बाबांचं नाव. यात विचारायचं काय, ताई? वेडी आहे ती." दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटला.

पुढे बैलगाडीने आलो. इथली जमीन काळी आहे, नांगराला दगड लागत नाही. ओलावने लाकडं तोडली आहेत, थंडीआधी छप्पर होईल. शेजारीण आपल्याकडच्याच वॉस गावची आहे, फार बोलते.

मी नुसती लिहीतच सुटले आहे. सिग्ने, मिलवॉकीत पटकीची साथ होती. निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीत तोरकेलला लागण झाली. सूर्य मावळायच्या आत तो गेला. मी जवळ होते. तुझं नाव घेत होता. वाटेवरच्या ओकच्या झाडाखाली त्याला पुरलं. ओलावने क्रूस केला, मी स्तोत्र म्हटलं. मला अजून खरं वाटत नाही.

वसंतात इकडे यायचं का, ते तूच ठरव. आलीस तर हे घर तुझं आहे.

त्याचं सगळं ऐक म्हणाले असते, पण एक ऐकता यायचं नाही. मुलगा झाला तर सोंद्रे ठेवू नकोस. बाप गेल्यावर जन्मणाऱ्या मुलाला आपल्याकडे बापाचंच नाव देतात. तुझ्या सासऱ्यांना मी वेगळं लिहीन.

तुझी ताई,
आणि येणाऱ्या तोरकेलची मावशी,
आस्लाउग